विश्लेषण : गोल करणारे ‘पीके’ गोल घडवणारे कसे झाले? भारतीय फुटबॉलला आज त्यातून काय शिकता येईल?

प्रदीपकुमार ऊर्फ पी. के. बॅनर्जी यांचा जन्मदिन २३ जून. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ हा दिवस ‘ग्रासरूट्स डे’ म्हणून पाळतो. छायाचित्राला हार घातला जातो, समाजमाध्यमांवर जुने कृष्णधवल फोटो फिरतात आणि विषय संपतो. खरे तर आजच्या भारतीय फुटबॉलपुढचे दोन सर्वांत अवघड प्रश्न पीकेंच्या कारकीर्दीत एकत्र भेटतात. आपल्याला गोल करणारे आघाडीपटू का मिळत नाहीत? आणि आपल्याच माजी खेळाडूंमधून मोठे प्रशिक्षक का घडत नाहीत? पीके दोन्ही होते. कसे झाले, हे पाहणे म्हणूनच केवळ आठवणींचा उमाळा ठरत नाही.

पी. के. बॅनर्जी कोण होते?

१९३६ मध्ये उत्तर बंगालातील जलपैगुडी भागात जन्मलेल्या पीकेंचे शालेय वय जमशेदपूरमध्ये गेले. किशोरवयातच ते संतोष करंडक स्पर्धेत बिहारकडून खेळले. १९५४ मध्ये ते कोलकात्यात आर्यन क्लबकडे आले आणि पुढच्याच वर्षी ईस्टर्न रेल्वेच्या संघात दाखल झाले. १९६७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले.

आक्रमणाच्या फळीत उजवी बगल ही त्यांची जागा. वेग, जोरकस फटका आणि धावता धावता गोलजाळ्याच्या दिशेने आत वळण्याची सवय यांमुळे ते नुसते चेंडू पुरवणारे विंगर नव्हते, गोल करणारेही होते. चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि पीके ही त्रयी भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाची ओळख मानली जाते. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा फुटबॉलमधील पहिला मान पीकेंना मिळाला. १९९० मध्ये पद्मश्री आणि २००४ मध्ये फिफाचा शताब्दी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे सन्मान त्यांच्या वाट्याला आले. २० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. टाळेबंदीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशाला तेव्हा त्यांच्याकडे नीट वळून पाहायलाही सवड नव्हती.

खेळाडू म्हणून त्यांची उंची किती होती?

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे होते. गोव्याचे मूळ असलेले आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे डिसूझा हे ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू. त्या संघात विशीतले पीके होते.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये पीके कर्णधार होते. गट अवघड होता : हंगेरी, फ्रान्स, पेरू. हंगेरीविरुद्ध भारत १-२ असा हरला, फ्रान्सला मात्र १-१ असे रोखले. त्या सामन्यातला भारताचा गोल पीकेंचा. त्यानंतर भारतीय पुरुष संघ ऑलिम्पिकच्या मुख्य स्पर्धेत आजवर पोहोचलेला नाही.

शिखर आले १९६२ मध्ये, जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत. सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. पुढे थायलंड आणि जपान यांना नमवत भारत उपांत्य फेरीत गेला, तिथे दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा समोर दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्याबद्दल भारतीय पदाधिकाऱ्यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे स्टेडियममधील अफाट गर्दी भारताच्या विरोधात पेटलेली होती. त्या गोंगाटात सुरुवातीच्या वीस मिनिटांत भारताने दोन गोल केले. पहिला पीकेंचा, दुसरा जर्नेल सिंग यांचा. भारत २-१ असा जिंकला. फुटबॉलमधील आशियाई सुवर्णपदक त्यानंतर भारताला मिळालेले नाही.

मोठ्या क्लबांऐवजी रेल्वेची नोकरी का?

कोलकात्यात फुटबॉल म्हणजे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग. या तिन्हींपैकी एकाचीही जर्सी पीकेंनी खेळाडू म्हणून कधी घातली नाही. त्यांच्या तोडीच्या खेळाडूच्या बाबतीत हे आजही चकित करणारे वाटते. कारण साधे होते. घरची जबाबदारी होती आणि रेल्वेच्या नोकरीत महिन्याच्या महिन्याला पगार होता. तेव्हा फुटबॉल कागदोपत्री हौशी होता. क्लब काही देत, पण गुडघा गेला की देणे थांबे.

या निवडीने त्यांचे नुकसान झाले का? १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. बड्या तिघांबाहेरच्या एखाद्या संघाने हा किताब पुन्हा जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले, तेव्हा पीअरलेस क्लबने तो पटकावला. म्हणजे ६१ वर्षे. पीकेंच्या रेल्वे संघाने काय करून दाखवले होते, याची ही मोजपट्टी.

मुद्दा पीकेंपुरता नाही. रेल्वे, बँका, पोलीस, बंदर न्यास, टाटा, मफतलाल, महिंद्रा अशा संस्थांच्या संघांनी देशभरातील हजारो खेळाडूंना पोटापाण्याची हमी दिली. मुंबईचे फुटबॉल तर याच संघांवर उभे होते. खेळणे संपल्यावर जगायचे कसे, ही चिंता नसलेला खेळाडू खेळाविषयी शांतपणे विचार करू शकतो, पुढे शिकवण्याचा धोका पत्करू शकतो. पीकेंच्या प्रशिक्षकपदाच्या मुळाशी ही हमी होती, हे सहसा सांगितले जात नाही.

प्रशिक्षकाची दीक्षा कुणाकडून मिळाली?

पीके भाग्यवान होते, कारण त्यांना सय्यद अब्दुल रहीम भेटले. पेशाने शिक्षक असलेले हैदराबादचे रहीमसाहेब १९५१ आणि १९६२ या दोन्ही सुवर्णपदकांचे शिल्पकार. ‘मैदान’ या २०२४ च्या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

रहीम यांचे मोठेपण दोन गोष्टींत होते. एक, खेळाडू कुठे उभा राहिला तर संघाला अधिक उपयोगी पडेल, हे त्यांना दिसत असे. जकार्तात बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला जखम होऊनही खेळले. रहीम यांनी त्यांना बचावातून काढून थेट आघाडीवर उभे केले. जर्नेल यांनी उपांत्य सामन्यातही गोल केला आणि अंतिम सामन्यातही. दुसरी गोष्ट म्हणजे खेळाडूच्या मनाशी बोलण्याची हातोटी. सलामीला ज्या संघाने हरवले, त्याच संघाला लाखभर प्रतिकूल प्रेक्षकांसमोर हरवायचे, तर फळ्यावरच्या बाणांइतकीच शब्दांची गरज असते.

रहीम यांचे जून १९६३ मध्ये कर्करोगाने निधन झाले. सुवर्णपदकाला वर्षही झाले नव्हते. भारतीय फुटबॉलची शाळा एका माणसावर चालत होती आणि तो माणूस गेल्यावर शाळा बंद पडली, असे म्हणावे लागते. पण काही विद्यार्थी मागे उरले. त्यांतले सर्वांत यशस्वी पीके.

प्रशिक्षक पीकेंनी नेमके काय केले?

१९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जी. एम. बाशा यांच्या जोडीने पीके भारतीय संघाच्या प्रशिक्षणात होते. भारताने जपानला हरवून कांस्यपदक मिळवले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे ते आपले शेवटचे पदक.

१९७२ मध्ये ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. त्या वर्षी संघाने एकही गोल न स्वीकारता कोलकाता लीग जिंकली. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे लीग ईस्ट बंगालकडे राहिली. त्यातली शेवटची चार वर्षे पीकेंची. १९७३ मध्ये आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने उत्तर कोरियाच्या प्याँगयांग संघाला ३-१ असे हरवले. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-० असा विजय मिळवला. कोलकात्यात आजही त्या आकड्याचा उल्लेख एका बाजूला मिरवण्यासाठी आणि दुसऱ्या बाजूला जखम झाकण्यासाठी होतो.

आणि मग १९७६ मध्ये पीके थेट मोहन बागानमध्ये गेले. आदल्या वर्षी ज्यांना पाच गोलांनी लोळवले, त्यांचेच प्रशिक्षक. त्या मोसमात मोहम्मद अकबरने ईस्ट बंगालविरुद्ध अवघ्या १७ सेकंदांत गोल केला आणि लीगही मोहन बागानने खेचून आणली. १९७७ मध्ये संघाने आयएफए शिल्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक एकाच मोसमात जिंकले. यातला रोव्हर्स म्हणजे आपल्या मुंबईचा, कूपरेजवर रंगणारा. बंगाल, गोवा, पंजाब, हैदराबाद असे सारे फुटबॉल त्या मैदानावर पाहत मुंबईकरांच्या पिढ्या वाढल्या. २०००-०१ नंतर ही स्पर्धाच बंद पडली.

त्याच मोसमात, २४ सप्टेंबर १९७७ रोजी, ईडन गार्डन्सवर पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाशी मोहन बागानने २-२ अशी बरोबरी साधली. पेले तेव्हा कारकीर्दीच्या अखेरच्या टप्प्यात होते, मैदान पावसाने ओले होते, हे सगळे खरे. तरीही ज्यांचे नाव ऐकून प्रतिस्पर्धी आधीच हरत, त्यांच्यासमोर आपल्या मुलांना ताठ उभे करणे, हे प्रशिक्षकाचेच काम होते.

‘व्होकल टॉनिक’ म्हणजे काय?

सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये पीके जे बोलत, त्याला कोलकात्याच्या पत्रकारांनी ‘व्होकल टॉनिक’ असे नाव दिले. शब्दांचे औषध. पण ते सगळ्यांना एकाच मापाने पाजायचे नव्हते. कुणाला चिडवायचे, कुणाला गोंजारायचे, कुणाच्या घरची चौकशी करायची आणि कुणाशी मुद्दाम बोलायचेच नाही, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असे.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १३ जुलै १९९७ चे. फेडरेशन चषकाची उपांत्य लढत, सॉल्ट लेक स्टेडियम आणि १ लाख ३१ हजार ७८१ प्रेक्षक. भारतात फुटबॉल सामन्याला जमलेली ही विक्रमी गर्दी. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांची ‘डायमंड’ व्यूहरचना तेव्हा चर्चेत होती. आक्रमक, देखणी, प्रतिस्पर्ध्यांना घाम फोडणारी. सामन्याआधी दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंना खोचक टोपणनावेही ठेवली. साठी ओलांडलेल्या पीकेंनी त्याला वर्तमानपत्रांतून उत्तर दिले नाही. ते शब्द त्यांनी आपल्या खेळाडूंपर्यंत नीट पोहोचवले. बायचुंग भुतियाने हॅट्ट्रिक केली आणि ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला.

त्या दिवशी केवळ भाषण जिंकले, असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. पुढे सरकून खेळणाऱ्या संघाच्या पाठीमागे मोकळी जागा राहते आणि वेगवान आघाडीपटूला हवी असते ती नेमकी तीच जागा. आयुष्यभर अशा मोकळ्या जागा शोधत धावलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

चांगला आघाडीपटू चांगला प्रशिक्षक होतोच का?

मुळीच नाही. जगभरचा अनुभव संमिश्र आहे. योहान क्रुइफ यांनी बार्सिलोनाला १९९२ मध्ये पहिला युरोपियन चषक मिळवून दिला आणि एका क्लबची विचारसरणीच बदलली. ब्राझीलचे मारिओ झगालो हे पीकेंसारखेच बगलेवरून खेळणारे. १९५८ व १९६२ चे विश्वचषक त्यांनी खेळाडू म्हणून आणि १९७० चा प्रशिक्षक म्हणून जिंकला. केनी डॅल्ग्लिश यांनी लिव्हरपूल आणि ब्लॅकबर्न अशा दोन क्लबांना इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. दुसरीकडे थिएरी ऑन्री यांना मोनॅकोने २०१९ मध्ये अवघ्या तीन-साडेतीन महिन्यांत निरोप दिला आणि मार्को व्हॅन बास्टन यांना प्रशिक्षक म्हणून खेळाडूच्या उंचीच्या जवळपासही जाता आले नाही.

कारण आघाडीपटूचे काम बऱ्याच अंशी उपजत वृत्तीचे असते. बचावपटू कुठे चुकेल, चेंडू कुठे पडेल, हे त्याला अर्ध्या सेकंदात ‘कळते’. जे आपल्याला न शिकता आले, ते दुसऱ्याला शिकवायचे कसे? अनेक महान खेळाडू इथेच अडतात आणि खेळाडूंवर वैतागू लागतात. ज्यांना आपल्या कौशल्याचे तुकडे करून दाखवता येतात, तेच पुढे जातात.

पीकेंना ते जमले, याचा पुरावा त्यांच्या शिष्यांत आहे. आघाडीपटू सुभाष भौमिक १९७३ मध्ये ईस्ट बंगालमध्ये त्यांच्या हाताखाली आले आणि पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. भौमिक यांच्याच मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने जुलै २००३ मध्ये आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तीही जकार्तात. १९६२ मध्ये रहीम यांनी जिथे पीकेंना खेळवले, तिथेच ४१ वर्षांनी पीकेंच्या शिष्याने संघ खेळवला. रहीम, पीके, भौमिक : भारतीय फुटबॉलमध्ये गुरुपरंपरा म्हणावी अशी ही दुर्मीळ साखळी.

गोव्यालाही असा एक आघाडीपटू-प्रशिक्षक लाभला. मुंबईत टाटांकडून खेळलेले शब्बीर अली १९७४ मध्ये आशियाई युवा स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद मिळवणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार होते. त्यांच्या प्रशिक्षणाखाली साळगावकर संघाने १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकली.

पीकेंच्या मर्यादा कोणत्या?

आदर म्हणजे आरती नव्हे. क्लब प्रशिक्षक म्हणून पीकेंनी जे मिळवले, ते राष्ट्रीय संघासोबत त्यांना पुन्हा मिळवता आले नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारत यजमान होता, प्रशिक्षक पीके होते आणि अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या. उपांत्यपूर्व फेरीत अखेरच्या मिनिटांत गोल स्वीकारून भारत सौदी अरेबियाकडून ०-१ असा हरला.

तोवर आशिया बदलला होता. जपान, कोरिया आणि पश्चिम आशियातील देश शालेय पातळीपासून पैसा आणि शास्त्र ओतत होते. तग, आहार, दर आठवड्याला दर्जेदार सामने यांतली दरी एका माणसाच्या शब्दांनी भरून निघणारी नव्हती. ‘टॉनिक’ अशक्तपणावर चालते, कुपोषणावर नाही.

दुसरी मर्यादा व्यवस्थेची. पीकेंच्या यशाचा काळ बराचसा कोलकात्याच्या मैदानापुरता राहिला. १९९० च्या दशकात त्यांनी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तांत्रिक संचालक म्हणून काम केले, तेव्हा तरुण खेळाडू घडवण्याचा पद्धतशीर प्रयत्न दिसला. पण त्यांची पद्धत कुणी लिहून ठेवली नाही, तिचा अभ्यासक्रम झाला नाही. रहीम गेल्यावर जे घडले, तेच पुन्हा घडले. ज्ञान माणसाबरोबर गेले.

आज हा विषय महत्त्वाचा का?

कारण भारताची गोलांची विहीर आटली आहे. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. त्या वर्षी भारतीय पुरुष संघाला एकही सामना जिंकता आला नाही. मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला परत बोलवावे लागले. त्याच्या नावावर ९५ आंतरराष्ट्रीय गोल आहेत. त्याच्या मागे उभा राहील असा आघाडीपटू शोधूनही सापडत नाही.

याचे एक कारण उघड आहे. क्लबांना निकाल आज हवा असतो, म्हणून गोल करण्याची जागा परदेशी खेळाडूला दिली जाते. इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडूंची मर्यादा आली, पूर्वी ती पाच होती. पण मर्यादा कमी झाली, तरी पहिला परदेशी बहुधा आघाडीवरच उभा असतो. भारतीय आघाडीपटूला मग बगलेवर ढकलले जाते, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांसाठी उठवले जाते. गोल करण्याची सवय राखीव बाकावर बसून लागत नाही.

हे केवळ आयएसएलचे दुखणे नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठा-पेठांच्या लढतींना जी गर्दी होते, तशी देशात मोजक्या ठिकाणी दिसते. या मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला. पण तालीम मंडळांच्या संघांतही आता बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू दिसतात. ईर्षा आपल्या पेठेची आणि गोल पाहुण्याचा, अशी ही गत.

प्रशिक्षकांचे चित्र काय?

आयएसएलच्या सुरुवातीच्या मोसमांत सगळे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. खालिद जमील यांनी ती भिंत फोडली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी अशी त्यांची खेळाडू म्हणूनची वाट मुंबईतलीच. आघाडीपटू नव्हे, मध्यरक्षक. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबई एफसीला वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांत सांभाळले. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला बाद फेरीत नेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोव्याच्या सावियो मदेरा यांच्यानंतर, म्हणजे सुमारे तेरा वर्षांनी, हे पद भारतीयाकडे आले.

सुरुवात आश्वासक होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई संघांच्या काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून भारत तिसरा आला. पण ऑक्टोबरमध्ये गोव्यातच सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली. त्याच सुमारास व्यावसायिक कराराच्या तिढ्यामुळे आयएसएलचा २०२५-२६ मोसम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. ज्या खेळाडूंना सामने नाहीत, त्यांच्याकडून प्रशिक्षकाने काय काढावे?

अशा वेळी ‘भारतीय प्रशिक्षकाला जमत नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे असते. तो चुकीचा आहे. परदेशी प्रशिक्षकांच्या काळातही निकाल फारसे वेगळे नव्हते. उलट, भारतीय प्रशिक्षकाला संधी द्यायची आणि दोन पराभवांनंतर ती काढून घ्यायची, हा प्रकार घडू नये. पीकेंनाही ईस्ट बंगालमध्ये सलग चार वर्षे मिळाली होती.

मग करायचे काय?

पीकेंच्या वाटचालीत तीन आधार दिसतात : पोटाची हमी, चांगला गुरू आणि पुरेसा वेळ. आज तिन्ही डळमळीत आहेत, म्हणून उपायही तिथूनच सुरू व्हायला हवेत.

पहिले, हमी. संस्थात्मक संघ आटत गेले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसीही उरला नाही. आजच्या व्यावसायिक खेळाडूचा करार एक-दोन वर्षांचा असतो आणि पस्तिशीनंतर हातात काही नसते. रेल्वे, पोलीस, सार्वजनिक उपक्रम यांनी फुटबॉलपटूंची भरती पुन्हा गांभीर्याने करावी आणि खेळ संपल्यावर त्यांना प्रशिक्षक म्हणून काम करण्याची मुभा द्यावी.

दुसरे, गुरू. माजी खेळाडूंना खेळत असतानाच प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाकडे वळवायला हवे. आशियाई महासंघाच्या सी परवान्यापासून प्रो परवान्यापर्यंतची शिडी वेळखाऊ आहे आणि खर्चिकही. राज्य संघटनांनी त्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी, साहित्य मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करावे. आयएसएलच्या प्रत्येक परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली भारतीय सहायक नावापुरता नको, शिकणारा हवा. आणि आघाडीपटूंना घडवण्यासाठी माजी आघाडीपटूंचाच खास उपयोग करून घ्यावा.

तिसरे, वेळ. खेळाडूला मैदानावरचा आणि प्रशिक्षकाला खुर्चीवरचा. युवा आणि राखीव संघांच्या स्पर्धांत आघाडीच्या जागा भारतीयांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. त्यातून लगेच दुसरा छेत्री निघणार नाही, पण दुसरा छेत्री निघण्याची शक्यता तरी शिल्लक राहील.

पीकेंना त्यांच्या हयातीत मान मिळाला, पुरस्कार मिळाले, गर्दीही मिळाली. त्यांना जे मिळाले नाही, ते म्हणजे त्यांचे काम पुढे नेणारी व्यवस्था. २३ जूनला खरोखर ‘ग्रासरूट्स’चा दिवस मानायचे असेल, तर त्या दिवशी महासंघाने आणि राज्य संघटनांनी दोन आकडे जाहीर करावेत : वर्षभरात किती माजी खेळाडू प्रशिक्षक झाले आणि किती भारतीय आघाडीपटूंनी देशातल्या वरच्या लीगमध्ये पूर्ण नव्वद मिनिटे खेळली. हे आकडे वाढू लागले, तर पीकेंच्या छायाचित्राला हार घालताना संकोच वाटणार नाही.